कॅमेरा तुझा, बिल कुणाच्या नावावर?

'फोटो काढायला काय लागतं? बटण तर दाबायचं!' लग्नाचे फोटो काढणाऱ्या बाईनं हे वाक्य किमान शंभरदा तरी ऐकलेलं असतं. कधी वरपित्याकडून, कधी कार्यालयाच्या मॅनेजरकडून, तर कधी स्वतःच्या सासरी. त्याचं आता मला काही वाटत नाही. मात्र या धंद्यात नव्यानं येणाऱ्या मुली भेटल्या, की त्यांचे प्रश्नही त्या बटणाभोवतीच फिरतात, याचं जरूर वाटतं. कॅमेरा कुठला घेऊ? लेन्स कुठली? फुल फ्रेम हवाच का? तासभर बोलतात, पण दोन प्रश्न कुणीही विचारत नाही. काढलेल्या फोटोंवर काम कशात करायचं, हा पहिला. आणि ही दोन-चार लाखांची बॅग उद्या गेली तर काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रुक्ष आहेत हे मान्य. पण घरच्या घरी सुरू केलेला व्यवसाय पाच वर्षांनी उभा असतो की बसलेला, हे बऱ्याचदा या दोन उत्तरांवर ठरतं.

होमाई व्यारावाला हे नाव आपल्यापैकी अनेकींना माहीत असेल. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाईंना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, आणि जानेवारी २०१२ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या. कारकिर्दीच्या सुरुवातीला त्यांनी काढलेली छायाचित्रं त्यांचे पती माणेकशा यांच्या नावानं छापून येत. आज परिस्थिती बदलली आहे. फोटोखाली आपलं नाव येतं, इन्स्टाग्रामवर आपलं पान असतं, अल्बमच्या शेवटच्या पानावर आपला लोगो असतो. पण कॅमेऱ्याचं बिल कुणाच्या नावावर आहे? सॉफ्टवेअरचा परवाना कुणाच्या ई-मेलवर आहे? विम्याच्या कागदावर मालक म्हणून कोण आहे? जरा फाईल काढून बघा. अनेक घरांत तिथे अजूनही 'माणेकशा'च सापडतील.

आधी सॉफ्टवेअरचं बघू.

'सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?' हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. सगळ्यात चांगलं भांडं कुठलं, असं आपण विचारतो का? पोळ्यांना तवा लागतो, वरणाला कुकर. एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात. त्यांच्यावर चार वेगवेगळी कामं असतात. पहिलं काम निवडीचं. डोळे मिटलेले, हललेले, एकसारखे दहा फोटो बाजूला काढायचे. दुसरं रंग आणि उजेड दुरुस्त करण्याचं. तिसरं एखाद्याच फोटोवर बारीक काम करण्याचं, म्हणजे नवरीच्या डोक्यामागून उगवलेला पंखा काढणं वगैरे. आणि चौथं अल्बमची पानं लावण्याचं. पहिल्या दोन कामांसाठी लागतं शेकडो फोटो एकदम हाताळणारं सॉफ्टवेअर. तिसऱ्यासाठी एकाच फोटोच्या थरांमध्ये शिरणारं. या दोन जाती वेगळ्या आहेत, हे एकदा लक्षात आलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

रंगांच्या दुरुस्तीचं महत्त्व आपल्याकडे फार. आपल्या मंगल कार्यालयांत एका कोपऱ्यात पिवळे दिवे, दुसऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या ट्यूब आणि स्टेजवर जांभळा एलईडी! त्यात हळदीनं माखलेली नवरी आणि लालभडक शालू. कॅमेऱ्यानं जेपेग फाईल दिली, तर तिच्यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ छटा असतात. चांगल्या कॅमेऱ्याची १४ बिटची रॉ फाईल प्रत्येक रंगाच्या १६,३८४ छटा राखून ठेवते. म्हणून रॉमध्ये काढलेल्या फोटोतला हळदीचा पिवळेपणा आणि दिव्याचा पिवळेपणा पुष्कळसा वेगळा करता येतो. जेपेगमध्ये तेच करायला गेलं की चेहरा लगेच मातकट दिसू लागतो. म्हणजे लग्नाचं काम करायचं असेल, तर रॉ फाईल नीट उघडणारं सॉफ्टवेअर हवंच. नुसता मोबाइलचा ॲप पुरणार नाही.

आता पर्याय. फोटोशॉप हे नाव तर क्रियापदच होऊन बसलंय. फेब्रुवारी १९९० मध्ये ते पहिल्यांदा बाजारात आलं. थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांची ती निर्मिती. त्याच कंपनीचं, म्हणजे ॲडोबीचं, लाइटरूम २००७ मध्ये आलं, तेही खास फोटोग्राफरसाठी, हजारो फोटो हाताळायला. पूर्वी ही सॉफ्टवेअर एकदा विकत घेतली की कायमची आपली. मे २०१३ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की फोटोशॉपच्या पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. तेव्हापासून हा भाडेकरूचा मामला आहे. महिन्याला पैसे भरा, वापरा. भरणं थांबवलंत की फोटोशॉप बंद. लाइटरूम क्लासिकमध्ये तुमचे फोटो दिसतात, शोधता येतात, बाहेर काढता येतात, पण ज्या विभागात खरं काम होतं तो डेव्हलपचा विभाग कुलूपबंद होतो. फोटो आपले आणि किल्ली दुसऱ्याकडे, असा हा प्रकार.

मग घ्यावं की नाही? याचं उत्तर भावनेनं देऊ नका, वही घेऊन बसा. वर्षाच्या वर्गणीला वर्षभरातल्या ऑर्डरींनी भागा. वर्षाला वीस लग्नं करत असाल, तर दर लग्नामागे येणारा खर्च एका हाराच्या आसपास असेल. तो कोटेशनमध्ये धरा आणि निर्धास्त राहा. पण वर्षाला चार बारशी आणि दोन डोहाळजेवणं एवढंच काम असेल, तर तोच खर्च अंगावर येतो. अशा वेळी दुसरे रस्ते आहेत, आणि आज ते पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले आहेत.

ॲफिनिटी हे त्यातलं एक. २०१५ मध्ये ॲफिनिटी फोटो आलं, तेव्हा एकदाच पैसे भरा आणि कायम वापरा, ही त्याची ख्याती होती. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हानं ते विकत घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते मोफत दिलं जातंय. कॅनव्हाचं खातं मात्र काढावं लागतं, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी हव्या असतील तर पैसे मोजावे लागतात. गिंप त्याहून जुनं आणि पहिल्या दिवसापासून मोफत. १९९५ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे काम जगभरचे लोक आजही चालवतात. त्याची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. रॉ फाईलसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मोफत आणि तगडी आहेत. दिसायला जरा रूक्ष, शिकायला महिना-दोन महिने लागतात, पण एकदा हात बसला की कुणापुढे हात पसरावा लागत नाही. कॅप्चर वन स्टुडिओत काम करणाऱ्यांचं लाडकं, कारण कॅमेरा वायरनं जोडून फोटो थेट मोठ्या पडद्यावर बघता येतात. दागिन्यांचे किंवा साड्यांचे फोटो काढणारीनं ते जरूर बघावं. त्यात वर्गणी आणि एकरकमी असे दोन्ही मार्ग आहेत.

'मोफत आहे, मग प्रश्नच मिटला!' असं म्हणून उडी मारण्याआधी एक आठवण करून देते. गुगलचं पिकासा आठवतंय? एके काळी घराघरातल्या कॉम्प्युटरवर होतं. मोफत, सोपं, गोड. २०१६ मध्ये गुगलनं ते बंद केलं. ज्यांनी सगळे अल्बम, सगळी नावं त्यातच लावून ठेवली होती, त्या हळहळत बसल्या. म्हणून सॉफ्टवेअर मोफत असो वा महाग, मूळ रॉ फाईल आपल्या डिस्कवर, आपल्या फोल्डरमध्ये, तारीख आणि नाव घालून ठेवायची. तयार फोटोही जेपेगमध्ये बाहेर काढून ठेवायचे. सॉफ्टवेअर म्हणजे स्वयंपाकघर, धान्याचं कोठार नव्हे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती अल्बमची. अल्बम डिझाइनचे तयार नमुने बाजारात मिळतात ते बहुतेक पीएसडी फाईलमध्ये, म्हणजे फोटोशॉपच्या घराण्यातले. इतर सॉफ्टवेअर त्या फाईल उघडतात, पण एखादा थर सरकतो, एखादा फाँट बदलतो. तेव्हा आधी तुमच्या लॅबला फोन करा. फाईल कुठल्या प्रकारात हवी, रंगांसाठी एसआरजीबी चालेल ना, रिझोल्युशन किती, हे विचारा. १२ बाय ३६ इंचांचं एक पान ३०० च्या रिझोल्युशननं म्हणजे ३,६०० गुणिले १०,८००, जवळजवळ पावणेचार कोटींहून अधिक ठिपक्यांचं असतं. अशी तीस-चाळीस पानं, आणि प्रत्येकात दहा थर. सॉफ्टवेअरची निवड करताना आपल्या कॉम्प्युटरला हे झेपतंय का, हेही बघावं लागतं. बहुतेक पैशाच्या सॉफ्टवेअरची काही दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते. ती सुरू करायची, आपल्याच एखाद्या जुन्या लग्नाचे शंभर फोटो घ्यायचे आणि घड्याळ लावून बसायचं. निवड ते तयार फोटो, किती वेळ लागला? ज्यात वेळ वाचतो ते आपलं. कारण हा वेळ आपण कुठून आणतो, ते आपल्यालाच ठाऊक. मुलं झोपल्यानंतरच्या रात्रीतून!

आणि हो, तो 'क्रॅक'! 'अगं, आमच्या भावाच्या मित्राकडे आहे, फुकटात टाकून देतो.' देत असेलही. पण कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमानुसार सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. घरगुती वापर असेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. आपण मात्र त्यावर पैसे कमावतो, त्यामुळे ती सवलत आपल्याला नाही. शिवाय असल्या फाईलबरोबर येणारे व्हायरस वेगळेच. चांगली मोफत सॉफ्टवेअर समोर असताना ही जोखीम घ्यायची गरजच उरलेली नाही.

सॉफ्टवेअरचा विषय सोडण्याआधी एक मनातलं बोलते. हल्ली एका क्लिकवर त्वचा गुळगुळीत होते, चेहरा निमुळता होतो, रंग चार छटा उजळतो. 'ताई, जरा गोरी करा हं तिला,' ही मागणी नवरीच्या आईकडून येते, मावशीकडून येते, क्वचित सासरहूनही येते. एकदा असाच एक नमुना फोटो बघून नवरीच म्हणाली, 'छान आहे, पण ही मी नाहीये.' तेव्हापासून माझा नियम ठरलाय. पिंपल जाऊ शकतो, कारण तो पुढच्या आठवड्यात जाणारच असतो. तीळ, रंग आणि हनुवटी यांना हात लावायचा असेल तर फक्त जिचा चेहरा आहे तिला विचारून. फोटो कुठल्या संकेतस्थळावर चढवून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून दुरुस्त करून घ्यायचे असतील, तरीही आधी विचारायचं. घरातल्या बायकांचे, लहान मुलांचे फोटो आपल्याकडे विश्वासानं दिलेले असतात.

आता बॅगेकडे वळू.

माझी एक मैत्रीण कोकणात लग्नाचे फोटो काढते. दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयात, सप्तपदी चालू असताना, वधूपक्षाच्या खोलीत ठेवलेली तिची दुसरी बॅग गेली. एक कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश. तिनं विमा उतरवलेला होता, हप्ताही वेळेवर भरलेला. पोलिसांत तक्रार झाली, कागद गेले, आणि कंपनीनं पहिला प्रश्न विचारला, 'पॉलिसी तुमच्या नावावर आहे, पण बिलावर नाव दुसऱ्याचं कसं?' दुकानात कार्ड नवऱ्याचं चालवलं होतं, म्हणून दुकानदारानं बिल त्यांच्या नावानं फाडलं होतं. पैसे तिचेच, चार सीझन रात्री जागून जमवलेले. पण कागदावर ती कुठेच नव्हती.

विम्याच्या भाषेत याला 'इन्शुरेबल इंटरेस्ट' म्हणतात. म्हणजे ती वस्तू गेली तर पैशाचं नुकसान नेमकं कुणाचं होतं? ज्याचं होतं त्यालाच भरपाई. कंपनीचा प्रश्न नियमाला धरूनच होता. मैत्रिणीनं मग बँकेचे उतारे काढले, तिच्या खात्यातून नवऱ्याच्या खात्यात गेलेली रक्कम दाखवली, त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. भरपाई मिळाली, पण तोवर लग्नांचा एक अख्खा सीझन भाड्याच्या कॅमेऱ्यावर गेला. तिचे यजमान भला माणूस, म्हणून निभावलं. संसारात तेढ असती तर? हा प्रश्न तिनं स्वतःच मला विचारला होता, आणि त्याचं उत्तर आम्ही दोघींनीही दिलं नाही.

'घराचा विमा आहे की आमचा!' असं अनेकजणी म्हणतात. घराच्या विम्यात घरातल्या वस्तू येतात, हे खरं. पण ज्या वस्तूवर आपण धंदा करतो ती वस्तू त्यात सहसा धरली जात नाही, आणि कार्यालयात, गाडीत, रिसॉर्टवर असलेली बॅग तर घराबाहेरच असते. वाढीव वॉरंटीचाही तसाच गैरसमज. वॉरंटी म्हणजे वस्तूतल्या दोषाची हमी. चोरी झाली, हातातून पडला, पाण्यात गेला, तर वॉरंटी कामाची नाही. फोटोग्राफरला लागते ती बरोबर फिरणाऱ्या सामानाची पॉलिसी. विमा कार्यालयात 'ऑल रिस्क' किंवा 'पोर्टेबल इक्विपमेंट'ची पॉलिसी म्हणून विचारा. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांकडे आणि खासगी कंपन्यांकडेही चौकशी करा. एजंटनं नुसता हप्त्याचा आकडा सांगितला तर त्याला चहा द्या आणि अटींचा छापील कागद मागा.

त्या कागदात काय बघायचं? नाव 'ऑल रिस्क' असलं तरी त्यात सगळ्या जोखमी येत नाहीत, हे पहिलं. वापरानं होणारी झीज, आतला इलेक्ट्रॉनिक बिघाड, ओरखडे हे बहुधा वगळलेलं असतं. आपल्या मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लेन्सला लागणारी बुरशीही हळूहळू होणाऱ्या नुकसानीत मोडते. तिच्यावर विमा नाही, उपाय आहे. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र. ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, बुरशी फिरकत नाही.

दुसरं, चोरीची व्याख्या. घरफोडीच्या पॉलिसीत कुलूप, दार, खिडकी तोडून आत शिरल्याचा पुरावा मागतात. तसं कलम असेल तर नुसत्या चोरीला भरपाई नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये एका खटल्यात दिलेला आहे. आता सांगा, कार्यालयातल्या उघड्या खोलीतून बॅग उचलणारा चोर कशाला काही तोडेल? म्हणून 'तोडफोड न होता झालेली चोरी धरली आहे का?' हा प्रश्न लेखी विचारा. गाडीतून चोरी झाल्यास काय, गाडीला कुलूप आणि बॅग डिकीत असण्याची अट आहे का, तेही बघा.

तिसरं, किंमत. हप्ता कमी बसावा म्हणून किंमत कमी लावायचा मोह होतो. समजा सामान चार लाखांचं आहे आणि विमा उतरवला दोन लाखांचा. एक लाखाचं नुकसान झालं तर लाख मिळतील असं वाटतं ना? सरासरीच्या कलमानुसार निम्म्या सामानाचा विमा, म्हणून भरपाईही निम्मी, पन्नास हजार. त्यातूनही सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण सोसायची असते, ती वजा होते. भरपाई नव्या कॅमेऱ्याच्या किमतीनं की घसारा वजा करून, हेही आधीच ठरलेलं असतं. वाचून घ्या.

चौथं, यादी. पॉलिसीला प्रत्येक वस्तूची यादी जोडलेली असते. मॉडेल, सीरिअल नंबर, किंमत. नवी लेन्स घेतली की तिची नोंद करायला हवी, नाहीतर ती विम्याबाहेरच. मुंबईत बोरा बाजारात किंवा कुठेही खरेदी करा, पण जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सीरिअल नंबर आणि आपलं नाव हवं. बिनबिलाचा कॅमेरा काही हजारांनी स्वस्त पडतो. मग तिकडे कंपनीची भारतातली वॉरंटीही नाही आणि इकडे विम्याला पुरावाही नाही. कॅमेरा जुना घेत असाल तर विकणाऱ्याकडून लेखी पावती आणि मूळ बिलाची प्रत घ्या. भाड्यानं आणलेली लेन्स आपल्या यादीत नसते, तेव्हा ती पडली तर काय, हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या. परदेशात डेस्टिनेशन वेडिंग असेल तर पॉलिसी भारतापुरतीच आहे का, ते तपासा. ड्रोन वापरत असाल तर २५० ग्रॅमपेक्षा जास्त वजनाच्या ड्रोनला २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे.

आणि पाणी! ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाणी कुठवर चढलं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तळमजल्यावरच्या स्टुडिओत कॅमेरा उचलून माळ्यावर ठेवता येतो, प्रिंटर, कॉम्प्युटर आणि लाइट्स राहतात. त्यांच्यासाठी दुकानाचा वेगळा विमा लागतो. त्यात पूर धरला आहे ना, आणि पत्ता बरोबर आहे ना, एवढं तरी पाहा.

दुर्दैवानं चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलिसांत जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. म्हणजे महाबळेश्वरला बॅग गेली आणि साताऱ्याला पोहोचल्यावर लक्षात आलं, तरी साताऱ्यात तक्रार देता येते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. चोरी झाली असेल तर 'गहाळ झाल्याची' नोंद घेऊन परत येऊ नका, दोन्हींचा अर्थ विम्यात वेगळा होतो. कंपनीला त्याच दिवशी फोन आणि ई-मेल करा. दुरुस्तीची केस असेल तर सर्व्हेअर बघेपर्यंत कॅमेरा उघडू देऊ नका.

दावा नाकारला, तर रडत बसायचं नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, एकटीनं चालवलेल्या छोट्या व्यवसायाचीही तक्रार चालते, आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात.

एवढं सगळं केलं तरी विमा कॅमेरा परत देतो, फोटो नाही. कार्डातला अंतरपाट दूर होतानाचा क्षण कुठलीच कंपनी भरून देणार नाही. म्हणून दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर दोन्हींवर एकाच वेळी लिहायची सोय चालू ठेवा. भरलेलं कार्ड बॅगेत नको, अंगावर हवं. पर्स, कमरेचा पाऊच, काहीही. घरी आल्यावर तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, माहेरी किंवा क्लाउडवर. जेवायला उशीर झाला तरी चालेल. ही कॉपी आधी.

हे वाचून कुणी म्हणेल, घरात कॅमेरा कुणाच्या नावावर हे विचारायला लागलो तर भांडणं व्हायची. तसं होऊ नये. नव्या खरेदीपासून सुरुवात करा. स्वतःच्या नावाचं बँक खातं, त्याच खात्यातून पैसे, त्याच नावाचं बिल. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती स्वतःच्या नावावर करा. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळतं, तेही आपल्या नावावर घेता येतं. सॉफ्टवेअरचं खातं आपल्या ई-मेलवर, पासवर्ड आपल्या डायरीत. पॉलिसीवर आपलं नाव, वारस कुणाला करायचं ते करा. जुन्या सामानाचं बिल दुसऱ्याच्या नावावर असेल, तर विमा घेतानाच कंपनीला लेखी कळवा आणि मालकीसाठी कुठला कागद चालेल ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या. दाव्याच्या वेळी हे शोधत बसण्यापेक्षा आज एक दुपार गेलेली बरी.

माझी कोकणातली मैत्रीण आता नवी लेन्स घ्यायला गेली, की काउंटरवर कार्ड द्यायच्या आधी नाव सांगते. दुकानदार सवयीनं विचारतो, 'बिल साहेबांच्या नावानं ना?' ती म्हणते, 'नाही हो. फोटो मी काढते.'